रावळपिंडीची भिंत आणि लंडी कोटलची सरहद्द

युद्धात शत्रूच्या हाती सापडणाऱ्या योद्ध्यांमध्ये वैमानिकाची अवस्था सर्वांहून निराळी असते. पायदळाचा शिपाई पकडला जातो तो बहुधा आपल्या सोबत्यांसह, आणि समोर शत्रू आहे, जमीन त्याची आहे, प्रसंग बाका आहे याची जाणीव त्याला आधीच झालेली असते. वैमानिक मात्र काही क्षणांपूर्वी हजारो फूट उंचीवर ताशी कित्येकशे मैलांच्या वेगाने एका प्रचंड यंत्रावर हुकमत चालवीत असतो, आणि पुढच्याच क्षणी हवाई छत्रीला लटकत एखाद्या अनोळखी शेतात, चहूबाजूंनी धावत येणाऱ्या संतप्त जमावाच्या मध्यभागी, अगदी एकटा उतरतो. सत्तेच्या शिखरावरून संपूर्ण परावलंबनात कोसळण्याचा इतका तीव्र अनुभव दुसऱ्या कोणत्याही पेशात नसावा. अशा माणसाचे पुढे काय होते, तो जगतो कशाच्या आधारावर, आणि काहींच्या बाबतीत तो आधारच का तुटतो, हे समजून घेण्यासाठी १९७१ च्या युद्धातील एका मराठी वैमानिकाच्या चरित्राइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

त्या चरित्राकडे वळण्यापूर्वी आरमाराच्या वैमानिकांविषयी थोडे सांगावयास हवे. पुण्यामुंबईच्या माणसाला मुरुड म्हटले की जंजिऱ्याचा किल्ला आणि कोकणचा किनारा आठवतो. लातूर तालुक्यातील आमच्या मुरुडला समुद्र नाही; आहेत ती सोयाबीनची आणि तुरीची शेते. त्यामुळे आरमार म्हणजे जहाजे, अशीच इकडच्या सामान्य वाचकाची समजूत असल्यास नवल नाही. परंतु आरमारालाही स्वतःची विमाने आणि स्वतःचे वैमानिक असतात. १९६१ साली आपल्या नौदलात दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका ब्रिटिश बनावटीची ‘सी हॉक’ आणि फ्रेंच बनावटीची ‘अलिझे’ ही विमाने बाळगून होती. १९७१ च्या डिसेंबरात तिने बंगालच्या उपसागरातून कॉक्स बाजार आणि चितगाव येथील तळांवर केलेले हल्ले इतिहासात नमूद आहेतच. अलिझेचे काम सी हॉकहून वेगळे होते. पंख्यावर चालणारे, गतीने मंद, तीन जणांचे हे विमान तासन्‌तास पाण्यावर घिरट्या घालून पाणबुड्यांचा माग काढीत असे.

१० डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम किनाऱ्यावरून टेहळणीस गेलेल्या अशाच एका अलिझे विमानाला पाकिस्तानच्या ‘स्टारफायटर’ या स्वनातीत विमानाने गाठले. ही लढाई समबलांची नव्हतीच. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन हे तिघे त्या विमानात होते. त्यांपैकी कोणीही परत आले नाही. त्याच दिवशी पंजाबच्या आघाडीवर भारतीय वायुसेनेचे एक ‘सुखोई-७’ विमान विमानविरोधी तोफांच्या माऱ्यात सापडून पाकिस्तानी हद्दीत कोसळले. त्याचे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट दिलीप कमलाकर परुळकर हवाई छत्रीच्या साह्याने जिवंत उतरले आणि कैद झाले. एकाच तारखेस आकाशातून पडलेल्या या दोन विमानांच्या कथा पुढे अगदी निरनिराळ्या वाटांनी गेल्या. तो फरक कशाने पडला, हाच या लेखाचा विषय आहे.

परुळकर १९६३ च्या मार्चमध्ये वायुसेनेत अधिकारी म्हणून रुजू झाले होते. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला शत्रूचा मारा लागून त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. विमान सोडून उडी घेण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी ते तळावर सुखरूप आणून उतरविले, आणि त्याबद्दल त्यांना वायुसेना पदक प्राप्त झाले. कधी काळी आपण शत्रूच्या कैदेत पडलोच तर तेथून पळून आल्याशिवाय राहणार नाही, असे ते युद्धापूर्वीच मित्रमंडळीत बोलून दाखवीत असत. अशी वाक्ये तरुणपणी पुष्कळ जण बोलतात. त्यांपैकी फार थोड्यांवर ती खरी करून दाखविण्याची पाळी येते, आणि ज्यांच्यावर येते त्यांतल्याही थोड्यांनाच ती साधते.

येथे युद्धबंदी म्हणजे कोण, याचा उलगडा करणे अवश्य आहे. मराठवाड्यातील मागच्या पिढीला तुरुंग अपरिचित नव्हता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांसह असंख्य कार्यकर्त्यांनी निजामाचे तुरुंग भोगले. पण राजबंदी आणि युद्धबंदी यांत मोठे अंतर आहे. राजबंद्यावर आरोप असतो, खटला असतो, शिक्षेची मुदत असते. युद्धबंदी मात्र कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच नसतो. त्याला पकडणे म्हणजे त्याला शिक्षा देणे नव्हे, केवळ लढाईपासून दूर ठेवणे. आणि म्हणूनच त्याच्या कैदेला मुदतही नसते. आपण उद्या सुटू की दहा वर्षांनी, हे त्याला कोणीही सांगू शकत नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने या विचित्र अवस्थेला काही नियम घालून दिले. बंद्याने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक एवढेच सांगावे. अधिक माहितीसाठी त्याचा छळ करू नये. छावणीत पोहोचल्यापासून आठवड्याच्या आत त्याला घरी आपली खबर देणारे कार्ड लिहू द्यावे, आणि पुढे दरमहा किमान दोन पत्रे व चार कार्डे. मेजरच्या खालच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यास दरमहा पन्नास स्विस फ्रँकांइतकी आगाऊ रक्कम द्यावी. आणि सर्वांत लक्षणीय तरतूद ही की, पळून जाण्याचा प्रयत्न फसल्यास त्याबद्दल केवळ शिस्तभंगाची शिक्षा करता येते, तीही तीस दिवसांहून अधिक नाही. कैद्याने पळू पाहावे हे कायद्याने जणू स्वाभाविकच मानले आहे.

या सगळ्या नियमांचा पाया एकच आहे: नोंद. ज्याचे नाव पकडणाऱ्याच्या दप्तरात चढले आणि जिनिव्हाच्या रेडक्रॉस समितीमार्फत त्याच्या देशाला कळले, तो माणूस कायद्याच्या छत्राखाली आला. त्याला मारणे, लपविणे, विसरणे अवघड होऊन बसते. ज्याचे नाव चढलेच नाही, त्याच्यासाठी कराराची सगळी कलमे कोऱ्या कागदासारखी आहेत.

रावळपिंडीच्या छावणीत अखेरीस बारा भारतीय वैमानिक एकत्र आले. विंग कमांडर कोएल्हो त्यांच्यात ज्येष्ठ होते. स्क्वॉड्रन लीडर जाफा, फ्लाइट लेफ्टनंट भार्गव, ग्रेवाल, फ्लाइंग ऑफिसर हरीश सिंहजी, चाटी, मुल्ला-फिरोज आदी त्यांचे सोबती होते. प्रत्येकाच्या पकडले जाण्याची एक कहाणी होती. जवाहरलाल भार्गव सिंधच्या वाळवंटात उतरले तेव्हा त्यांनी आपण पाकिस्तानी वायुसेनेचे मन्सूर अली आहोत अशी बतावणी केली, आणि ती बराच काळ टिकलीही; पण अखेर कलमा म्हणून दाखवा असे फर्मान सुटले आणि सोंग उघडे पडले. सुरुवातीचे आठवडे एकांतकोठडीचे आणि चौकशीचे होते. त्यानंतर १९७१ च्या नाताळात छावणीप्रमुख स्क्वॉड्रन लीडर उस्मान हमीद यांनी या सर्वांना प्रथमच एकत्र आणले आणि त्यांच्यासाठी केक मागविला. शत्रूच्या गणवेशातील हा सभ्य गृहस्थ या कथेतील दुसरा महत्त्वाचा पुरुष होय, आणि त्याचे महत्त्व पुढे एका कसोटीच्या क्षणी प्रकट होणार होते.

युद्ध सतरा डिसेंबरला थांबले, २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, तरी सुटकेचे चिन्ह दिसेना. भारताच्या ताब्यात पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार बंदी होते, पाकिस्तानच्या ताब्यात भारताचे सहाशेहून थोडे अधिक. आणि या आकड्यांच्या राजकारणात वैयक्तिक माणसाची तातडी कोणालाच नव्हती. परुळकरांनी बेत आखला. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी त्यांच्यासोबत निघणार होते. बाकीच्यांनी साह्य करावयाचे होते. कोठडीच्या मागच्या भिंतीतील विटा रात्रीमागून रात्री सैल करावयाच्या, पहारेकऱ्याची चाहूल लागली की काम थांबवावयाचे, आणि निघालेला चुरा खाटांखाली दडवावयाचा, असा हा उद्योग होता. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र बनविण्यात आले. वेगवान वळणांत रक्त पायांकडे उतरू नये म्हणून वैमानिक जो पोशाख घालतात, त्यातील रबरी पिशव्यांची पाणी साठविण्याची थैली झाली. दिशा ठरविण्यासाठी शालेय नकाशांचे पुस्तक होते. हजारो फुटांवरून मार्ग काढण्याची विद्या शिकलेली ही मंडळी आता शाळकरी मुलाच्या नकाशावर बोट फिरवीत होती.

पूर्वेला भारताची सरहद्द होती, पण नुकत्याच संपलेल्या युद्धामुळे तेथे सैन्य, सुरुंग आणि संशय यांचा पहारा होता. म्हणून त्यांनी उलटी वाट धरावयाचे ठरविले: पश्चिमेस पेशावर, खैबरखिंड आणि अफगाणिस्तान. १२ ऑगस्टच्या रात्री वादळ उठले. त्या गोंगाटात भिंतीचा शेवटचा थर फुटला, आणि मध्यरात्र उलटल्यावर तिघे बाहेर पडले. सिनेमाचा शेवटचा खेळ सुटून घरोघर निघालेल्या गर्दीत ते मिसळले, आणि बसने पेशावरला पोहोचले. तेथून टांगा, मग पुन्हा बस, असे करीत १३ ऑगस्टच्या सकाळी ते खैबरखिंडीतील लंडी कोटल या गावी उतरले. रात्री कैदेत असलेली माणसे सकाळी सरहद्दीपासून अवघ्या चारेक मैलांवर होती.

आणि येथेच त्यांचा घात झाला. त्यांच्या नकाशात लंडी कोटलच्या पुढे लंडी खाना हे रेल्वेचे शेवटचे स्थानक दाखविले होते. खैबरची रेल्वे १९२५ साली लंडी कोटलपर्यंत आली, दुसऱ्या वर्षी लंडी खान्यापर्यंत वाढली, हे खरे. पण पुढचा तो तुकडा १९३२ सालीच बंद पडला होता. चाळीस वर्षे गाडी न गेलेल्या स्थानकाची वाट त्यांनी भर बाजारात विचारली. मुरुडवरून जाणाऱ्या लातूर-मिरज नॅरोगेजचे रुंदीकरण होताना मार्ग उस्मानाबादकडे वळला. तेव्हा जुना नकाशा हाती घेऊन सुटलेल्या स्थानकाची गाडी विचारणाऱ्या परगावच्या माणसाकडे आमच्याकडचे लोक जसे पाहतील, तसेच त्या पठाणी गावाने या तिघांकडे पाहिले. त्यातून त्या दिवसांत पश्चिम पाकिस्तानात अडकलेले अनेक बंगाली याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत असत. हे तिघे बंगालीच असावेत असा संशय येऊन त्यांना तहसीलदारापुढे उभे करण्यात आले.

तहसीलदाराच्या कचेरीचा दरारा निजामी अंमल पाहिलेल्या मराठवाड्याला समजावून सांगावयास नको. जबानी सुरू झाली. तिघांनी आपण पाकिस्तानी वायुसेनेचे कर्मचारी असून रजेवर फिरावयास आलो आहोत, असे सांगितले. परुळकरांनी फिलिप पीटर आणि हरीश सिंहजींनी हॅरल्ड जेकब अशी ख्रिस्ती नावे घेतली होती. भार्गवांचा अनुभव पाहता यातील शहाणपण उघड आहे. पण झडतीत सापडलेल्या वस्तूंनी शंका वाढविली. तो आदिवासी टापू होता. तेथे संशयिताचा निकाल लावण्यास वेळ लागत नसे, आणि ज्यांची ओळख पटत नाही अशा तीन परक्यांचे काय झाले याची चौकशी करणारा तेथे कोणी नव्हता.

या क्षणी परुळकरांच्या मनात जी कल्पना आली, तिला मी त्या संपूर्ण साहसातील सर्वांत मोठी गोष्ट समजतो. ज्या छावणीतून ते पळाले होते तिचे पूर्वीचे प्रमुख उस्मान हमीद आता पाकिस्तानच्या वायुसेनाप्रमुखांचे ए.डी.सी. झाले होते. आपल्याला त्यांच्याशी दूरध्वनीवर बोलू द्यावे, अशी परुळकरांनी मागणी केली. बतावणीला ती शोभूनही दिसत होती, कारण पाकिस्तानी वायुसेनेच्या कर्मचाऱ्याने आपल्याच अधिकाऱ्याचा हवाला द्यावा यात वावगे काही नव्हते. पलीकडून उस्मान हमीदांनी आवाज ओळखला, प्रकार जाणला, आणि हे आपलेच लोक आहेत, त्यांना इजा करू नका, ताब्यात ठेवा, असा निरोप दिला. पुढे पोलिटिकल एजंट मेजर बर्की यांच्यासमोर शहानिशा झाली आणि तिघांनी आपली खरी नावे सांगितली. ज्याच्या पहाऱ्यात कैद भोगावी, त्याच्याच शब्दावर प्राण वाचावा, असा हा योग होता.

मागे उरलेल्या सोबत्यांसह सर्वांना लायलपूरच्या तुरुंगात हलविण्यात आले. १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा येथे भारतीय बंद्यांची सुटका झाली, आणि परुळकर मायदेशी परतले. पुढे ते ग्रुप कॅप्टन झाले. वायुसेना पदकाच्या जोडीला विशिष्ट सेवा पदकही त्यांना लाभले. १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

अपुरे राहिलेले हे पलायन व्यर्थ गेले काय? मला तसे वाटत नाही. कैद्याचे खरे संकट भूक किंवा मार एवढेच नसते; आपल्या हातून आता काहीच घडण्यासारखे नाही, ही भावना त्याला आतून पोखरते. विटा मोजणारा, सुई घासणारा माणूस त्या भावनेपासून वाचतो. व्हिएतनामच्या युद्धात कैद झालेल्या अमेरिकी नौदल-वैमानिकांनी हेच वेगळ्या रीतीने केले. एव्हरेट अल्वारेझ ऑगस्ट १९६४ मध्ये पकडले गेले आणि आठ वर्षांहून अधिक काळ कैदेत राहिले. जॉन मॅकेन यांचे विमान २६ ऑक्टोबर १९६७ रोजी हनोईवर पडले. दोन्ही हात आणि एक पाय मोडलेल्या अवस्थेत त्यांना तळ्यातून बाहेर काढण्यात आले. त्यांचे वडील आरमारातील बडे सेनापती असल्यामुळे त्यांना लवकर सोडण्याची तयारी दाखविली गेली, पण आपल्याआधी पकडलेले सुटल्याखेरीज आपण सुटणार नाही, असे सांगून त्यांनी ती नाकारली आणि सुमारे साडेपाच वर्षे काढली. बोलण्यास बंदी असलेल्या त्या कोठड्यांत कैदी भिंतीवर टकटक करून संभाषण करीत. रोमन लिपीतील अक्षरे पाच ओळी आणि पाच रकाने अशा चौकटीत मांडावयाची, आधी ओळीचा आकडा वाजवावयाचा, मग रकान्याचा. त्या चौकटीत पंचवीसच घरे असल्याने ‘के’ या अक्षराचे काम ‘सी’वरच भागवावे लागे.

परंतु व्हिएतनामच्या कथेतही अखेर निर्णायक ठरली ती नोंदच. जेम्स स्टॉकडेल हे नौदल-वैमानिक हनोईत असताना त्यांच्या पत्नी सिबिल यांनी बंद्यांच्या कुटुंबांची संघटना उभारली, आणि नावे जाहीर करा, याद्या द्या, हा आग्रह सरकारच्या दारी धरला. आपल्याकडे हाच आग्रह एका मराठी आडनावाच्या स्त्रीने आयुष्यभर धरला. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे युद्धाच्या पहिल्याच दिवसांत पाकिस्तानच्या हद्दीत पडले. त्यांच्या विवाहास जेमतेम दीड वर्ष झाले होते. पत्नी दमयंती तांबे राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या आणि अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. पाकिस्तानी वृत्तपत्रात पकडलेल्या वैमानिकांची जी बातमी आली, तीत तांबे या नावाशी मिळतेजुळते नाव होते. मात्र वाघ्याला परतलेल्यांत ते नव्हते. बेपत्ता सैनिकांच्या सरकारी यादीत चौपन्न नावे प्रदीर्घ काळ राहिली. १९८३ आणि २००७ साली नातेवाइकांना पाकिस्तानातील तुरुंग पाहू देण्यात आले, पण कोणीही हाती लागले नाही.

परुळकर आणि तांबे यांच्यात शौर्याचा फरक नव्हता. एकाचे नाव दप्तरात चढले आणि त्याच्या वाट्याला उस्मान हमीदांसारखा नियतीचा साफ अंमलदार आला. दुसऱ्याच्या बाबतीत या दोहोंपैकी काय चुकले, हे आजही सांगता येत नाही. युद्धबंदी जिवंत परततो तो या दोन आधारांवर. पहिला आधार करारांनी आणि कागदांनी निर्माण होतो, दुसरा केवळ माणसाच्या संस्कारांतून. म्हणून युद्धातील वीरांचे गुणगान करताना आपण दोन गोष्टी मागितल्या पाहिजेत. आपल्या हाती सापडलेल्या शत्रूच्या शिपायाचे नाव पहिल्याच दिवशी नोंदले जावे, आणि आपल्या बेपत्ता माणसांची फाइल उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही सरकारने बंद करू नये. पहिली मागणी करण्याचे धैर्य ज्या देशात असते, त्यालाच दुसरी मागणी जगापुढे ताठ मानेने करता येते.